देवगिरीचा मुराळी

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, देवदर्शनाची हौस कधीच नव्हती. वाडीतल्या बायका थंडीच्या दिवसांत एखादी ट्रिप काढायच्या आणि परत आल्या की महिनाभर तेच तेच चघळत बसायच्या. आत्याबाई सूप हातात घेऊन ऐकायच्या आणि शेवटी एवढंच विचारायच्या, "आन जेवायचं काय केलंत?" देव त्याच्या जागी बरा आणि आपण आपल्या जागी बऱ्या, असं त्यांचं सरळ मत होतं. म्हणून दोन हजार एक साली घोडेगावच्या चिमाजीनं यात्रेची गाडी काढली तेव्हा मी माझं एकटीचंच नाव दिलं. खरं सांगायचं तर तीन दिवस सासूशिवाय, या विचारानंच मला अर्धं पुण्य लागलं होतं.

चिमाजी बोलण्यात मोठा पक्का. मी अंगणवाडीत शिकवते, तिच्यासमोरच गाडी उभी करून त्यानं मला सगळी ठिकाणं पाठ म्हटल्यासारखी ऐकवली. शिर्डी, शिंगणापूर, पैठण, वेरूळ. "आन शेवटी देवगिरी. राजाची राजधानी व्हती, म्याडम. आता समदी मोडून पडलीया, पन बगन्यासारकी हाये. देव संपलं की किल्ला फुकट."

रात्री भाकरी थापता थापता मी हे घरात सांगितलं. आमचे मामंजी, सावळेराम, जेवत होते. त्यांनी हूं केलं. माझा नवरा दादाभाऊ आश्रमशाळेत स्वयंपाकी, त्याला दुसऱ्याच्या घरच्या स्वयंपाकाशिवाय कशात रस नाही. आत्याबाई मात्र हातातला तांब्या तसाच धरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"मोडल्यालं गाव बगाया मान्सं जात्यात?"

"जातात की. तिकीट काढून जातात. पार परदेशातून येतात."

"आन काय बगत्यात?"

"काय उरलंय ते. भिंती, दारं, पायऱ्या."

मला वाटलं, विषय संपला. मग तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "माजं बी नाव घाल."

माझं अर्धं पुण्य तिथंच बुडालं. तरी मी त्यांचं नाव घातलं, कारण त्या हे का म्हणाल्या ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या वाडीत ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आत्याबाईंचं माहेर करवंदवाडीचं. घोडनदीच्या अगदी काठाला वीसेक घरांची वाडी, भाताची खाचरं आणि एक भैरवनाथाचं देऊळ. डिंभ्याचं धरण भरायला लागलं तेव्हा ती पाण्याखाली गेली. आमचं गाव वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर, म्हणून वाचलं. आमच्या अंगणातून ते सगळं पाणी दिसतं. नव्या माणसाला ते फार सुंदर वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदा मीही तोंडात बोट घालून बघत राहिले होते. आत्याबाईंनी मागून येऊन सांगितलं होतं, "त्या दोन टेकाडांच्या मदी बग. तितं माजं म्हायार हाये." मी पाणीच बघत राहिले.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाकाठाची गावं वर येतात. लोक चिखल तुडवत जातात, आपापल्या घराचं जोतं शोधतात, देवळापुढे नारळ फोडतात, भेळ खाऊन परत येतात. करवंदवाडी खोल नदीच्या पोटाशी. ती कधीच वर आली नाही. प्रत्येक मे महिन्यात आत्याबाई अंगणात बसून पाणी कुठवर उतरलं ते बघायच्या आणि जूनमध्ये गुपचूप उठून भाताच्या रोपाला लागायच्या.

पण नुसतं गाव बुडालं एवढंच त्यांचं दुःख नव्हतं. त्यांचं भांडण होतं, आणि ते सख्ख्या भावाशी होतं.

जानकूमामा त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून आत्याबाईंनीच त्याला कडेवर वाढवलेला. गाव उठलं तेव्हा त्याला खाली कालव्याच्या मुलखात जमीन मिळाली, बोरी बुद्रुकच्या पुढे एका उघड्या माळावर. तिथं नवं गावठाण वसवलं होतं. गाव सोडायच्या दिवशी आत्याबाई मदतीला म्हणून गेल्या होत्या. पाणी खालच्या खाचरात शिरलेलं. दारात ट्रक उभा. लोक जे निघेल ते काढत होते, कौलं, वासे, खुंट्या. जानकूमामानं पहार घालून दाराची चौकट उंबऱ्यासकट उपटली आणि ट्रकात टाकली. नव्या घराला लाकूड कुठून आणणार, त्याचंही बरोबरच होतं. मग ट्रक सुटला. भागूमामी, म्हणजे त्याची बायको, कोंबड्यांची डालगी मांडीवर घेऊन बसली होती, रडत होती. आणि आत्याबाईंची ओटी भरायची राहून गेली.

लेक माहेराहून निघाली की भावजयीनं तिला उंबऱ्यात उभी करून तिची ओटी भरायची असते. पदरात खण, नारळ, तांदूळ पडले, की मगच लेकीनं पाठ वळवायची. आमच्याकडे तर लेक दोन तासांसाठी आली तरी पदर रिकामा जात नाही. त्या दिवशी उंबराच ट्रकात होता. आत्याबाई रिकाम्या पदरानं डोंगर चढून सासरी आल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं. "मला त्या घरातनं कुनी वाटंला लावलंच न्हाई. मी आजून तितंच हाये."

पुढची कितीतरी वर्षं दिवाळीच्या आधी जानकूमामा स्वतः मुराळी होऊन यायचा. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी, आणि बहीण साठीला आली तरी या माणसानं तो मान सोडला नाही. धुतलेलं धोतर, टोपी, काखेत बाजरीचं गाठोडं. एस.टी. बदलत बदलत घोडेगावला, तिथून आमच्या वाडीला. आत्याबाई त्याला ओवाळायच्या, पोटभर जेवायला घालायच्या. मग तो म्हणायचा, "ताई, चल."

"कुटं?"

"आपल्या घरी."

"घर पान्यात हाये, जानकू."

"ताई, उंबरा त्योच हाये गं. आपलाच सागवानी. मी त्योच बसिवलाय."

"उंबरा त्योच आसल. खालची भुई ती न्हाई. आन वटी कशानं भराल माजी? कांद्यानं?"

खाली कालव्यावर भात होत नाही, बाजरी, गहू, कांदा होतो. हा टोमणा त्याला फार लागायचा. तो खाली मान घालून उठायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटा परत जायचा. तो वळणाआड गेला की आत्याबाई गोठ्यात जायच्या आणि म्हशीशी बोलत बसायच्या. मला दोघांचाही राग यायचा. माझं माहेर घोडेगावाजवळ, अर्ध्या तासावर, तरी मला दोन दिवसांच्या वर कुणी जाऊ देत नाही, आणि इथं नेणारा दारात उभा असून ही बाई जात नाही.

त्या ट्रिपच्या आधीच्या दिवाळीत मुराळी आलाच नाही. वसुबारस झाली, पाडवा झाला. आत्याबाईंनी कुणाला न सांगता नवं लुगडं काढून ठेवलं होतं, ते मी बघितलं. भाऊबीजेला त्या सकाळपासून अंगणात बसल्या. एस.टी. येण्याच्या वेळेला उठून उभ्या राहायच्या, गाडी गेली की परत बसायच्या. दिवेलागणीला आत आल्या आणि म्हणाल्या, "आता बोलवायचं बी सोडलं त्येनं." त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की मला उगाच भांडी आपटावीशी वाटली.

तर अशा या बाईनं मोडलेलं गाव बघायला माझ्याबरोबर यायचं ठरवलं.

गाडी पहाटे घोडेगावातून सुटली. आळेफाट्याला आणखी माणसं चढायची होती. त्यांत सगळ्यात शेवटी हिरवं लुगडं नेसलेली, हातात वायरची पिशवी घेतलेली एक ठेंगणी बाई चढली, आणि मी कपाळाला हात लावला. भागूमामी! तिनं गाडीभर नजर फिरवली, आम्हाला बघितलं आणि सरळ आमच्या बाकापाशी आली. "सूनबाई, सरक जरा," मला म्हणाली. मी सरकले. एका बाजूला आत्याबाई खिडकीला, दुसऱ्या बाजूला मामी, आणि मी मध्ये. आत्याबाईंनी तोंड बाहेर केलं ते नगर येईपर्यंत आत घेतलं नाही.

पुढचे दिवस मी पोस्टात नोकरीला असल्यासारखे काढले. मामी पिशवीतून एक पेरू काढायची, "वन्सास्नी दे." मी द्यायची. आत्याबाई तो माझ्या मांडीवर ठेवायच्या, "माजे दात दुकत्यात, तिला सांग." मामीनं शेंगदाण्याचे लाडू दिले, ते परत. शिर्डीच्या रांगेत मामीनं पाण्याची बाटली दिली, ती मात्र तहानेनं घेतली आणि रिकामी करून माझ्याच हातात दिली. मी मामीला हळूच विचारलं, "मामा कसे आहेत?" ती म्हणाली, "हायेत," आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. मीही जास्त विचारलं नाही, मला वाटलं तिथंही रुसवाच असणार. चिमाजी आरशातून आमच्याकडे बघून म्हणायचा, "म्याडम, तुमच्या शिटावर लई थंडी पडलीया राव."

पैठण झालं, वेरूळला घृष्णेश्वर झाला. आत्याबाईंनी प्रत्येक देवाला एकदाच नमस्कार केला आणि प्रत्येक वेळी मला विचारलं, "त्ये मोडल्यालं गाव कवा?"

देवगिरीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोठा दरवाजा, त्यावर खिळे, आत तोफा मांडलेल्या. चिमाजीनं घसा कोरडा करण्यापेक्षा बरं म्हणून दारातूनच एक गाईड घेतला, टोपीवाला, वयस्कर, बोलायला गोड. वर किल्ल्याचा डोंगर कापल्यासारखा उभा होता. अर्ध्या बायकांनी तो बघूनच गुडघे धरले आणि हत्ती हौदाच्या कठड्यावर बसकण मारली. आत्याबाईंना डोंगराचं कौतुक कसलं असणार? त्या चहूकडे खालीच बघत होत्या. झाडीत, गवतात, जिथं तिथं पडलेल्या भिंती, ओटे, दगडी जोती.

"ही यादवांची राजधानी," गाईड सांगत होता. "लई श्रीमंती. पुढं दिल्लीच्या सुलतानाला ही जागा अशी पसंत पडली, की त्यानं हीच आपली राजधानी केली आणि दिल्लीच्या लोकांना हुकूम काढून इकडं हलवलं."

आत्याबाई थांबल्या. "हलिवलं मंजी? उटिवलं?"

"उठवलंच म्हणा, आजी. पार दिल्लीपासून. वाटेत कितीतरी माणसं गेली म्हणतात. आणि काही वर्षांनी परत हुकूम, चला माघारी दिल्लीला."

बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, राजाचं डोकं ठिकाणावर नव्हतं वाटतं. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी गाईडच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, "माघारी गेली तवा त्यांची घरं जाग्यावर व्हती का?"

गाईडनं टोपी मागे सारली. "ते काय मला सांगता यायचं नाही, आजी. असं कुणी विचारत नाही."

"आन जी गेलीच न्हाईत ती?"

"ती राहिली इथंच. लेकरं झाली, लग्नं झाली. इथंच मातीत गेली."

"मंजी ह्ये त्येंचंच गाव झालं."

"झालंच की. दुसरं कुणाचं?"

आत्याबाई "व्हय" म्हणाल्या. एवढंच, पण फार सावकाश म्हणाल्या.

पुढे खोदून मोकळी केलेली घरांची रांग होती. भिंती गुडघ्याएवढ्याच राहिलेल्या, त्यामुळे एका घरातून दुसऱ्यात उडी मारून जाता येत होतं, आणि आमची मंडळी तशीच चालली होती, फोटो काढत, पोरांना हाका मारत. आत्याबाई तशा गेल्या नाहीत. प्रत्येक घराला वळसा घालून त्या दाराच्या जागी जायच्या, वहाणा बाहेर काढायच्या आणि मग आत पाय टाकायच्या. मीही सवयीनं एका भिंतीवरून पलीकडे जात होते, तर खेकसल्या, "भिताडावरनं काय जाती, चोर हायेस का? दार हाये की." मी मुकाट्यानं फिरून दारातून आले.

एका घरासमोर त्या जास्तच वेळ उभ्या राहिल्या. दाराच्या जागी दगडी उंबरा धड होता, मध्ये झिजून खोलगट झालेला. त्यांनी आत बघत हाक दिली, "कोन हाय का घरात?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मलाही आधी लाज वाटली. मग त्यांचं तोंड बघितलं आणि लाज कुठच्या कुठं गेली. आपण कुणाच्या दारात गेलो की अशी हाक देतोच, त्यात हसण्यासारखं काय आहे? त्या आत गेल्या, कोपऱ्यात वाकल्या, "हितं चूल आसल," म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, कदाचित तबेला असेल हा." तर म्हणाल्या, "तबेला आसू दे. तुला काय करायचंय?" आणि त्या कोपऱ्यातली पानं हातानं बाजूला करायला लागल्या. पानं काढताना त्या रडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते. ते गाव कुणाचं, ते घर कुणाचं, पण त्यांना तिथं जोतं तरी दिसत होतं, हात लावता येत होता. त्यांच्या स्वतःच्या घराला तेवढंही भाग्य नव्हतं. मला तेव्हा त्यांची फार दया आली आणि स्वतःच्या त्या अर्ध्या पुण्याची शरम वाटली.

तेवढ्यात मागून भागूमामी आली. तीही वळसा घालून, दारातूनच. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उभी राहून तिनं पिशवीतून एक खण काढला, नारळ काढला आणि फडक्यात बांधलेलं धान्य काढलं.

"वन्सं, हिकडं या. हुब्या ऱ्हावा. मी मुराळी हून आलेया."

आत्याबाईंनी डोळे पुसले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या थेट तिच्याशी बोलल्या. "बाई कुटं मुराळी आसती व्हय?"

"नसती. पन धाडायला दुसरं कोन हाये?" मामी नारळ छातीशी धरून बोलत राहिली. "त्या दिसी माजं ध्यान ठिकान्यावर नव्हतं, वन्सं. मांडीवर कोंबड्या, पान्याचा त्यो आवाज. अर्ध्या वाटंत ध्यानात आलं, तवा ट्रकातनं उडी टाकाया निगाले व्हते, ह्यांनी धरलं. तवापास्नं एक सन गोड लागला न्हाई मला. तुमी माज्या दारात येत न्हाई, करवंदवाडी तर वर येत न्हाई. चिमाजीकडनं कळलं तुमी ह्या गाडीला हायेत, मंग मी म्हनलं, मोडक्या गावात का व्हईना, कुनाचा का व्हईना, उंबरा तर आसल. हितं भरते. पदर पसरा."

तिनं फडक्याची गाठ सोडली. आत गहू होते.

"तांदूळ न्हाई पिकत आमच्यात," ती खाली बघून म्हणाली. "इकतचं आनाया बरं वाटंना. आमच्याच रानातलं हायेत."

आत्याबाई त्या गव्हांकडे बघत राहिल्या. आता कांद्याचा टोमणा येतो की काय म्हणून मी मध्ये पडायला पुढे सरकले. त्यांनी पदर पुढे घेतलाही, दोन्ही हातांनी धरलाही. आणि मग तो परत खांद्यावर टाकला.

"हितं नको."

मामीचं तोंड एवढंसं झालं.

"ह्या घरात कोन नांदत न्हाई, भागू," आत्याबाई म्हणाल्या. "आसल्या वसाड घरात सवाष्णीची वटी भरत्यात व्हय? तुज्या दारात भर."

मामीला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती होती तिथंच, त्या उंबऱ्यावर, मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडायला लागली. आत्याबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "ऊट आधी. उंबऱ्यावर बसू ने." आणि मग तिला तशीच जवळ ओढून घेतली. दोघी त्या बिनछपराच्या घरात एकमेकींच्या गळ्यात पडून उभ्या होत्या, आणि गाडीकडून चिमाजी हॉर्न वाजवत होता.

परतीच्या वाटेवर मला खिडकी मिळाली. त्या दोघी शेजारी बसल्या, पेरू अर्धा अर्धा खाल्ला. नगर सोडल्यावर मामीनं सांगितलं, की जानकूमामाला दसऱ्याच्या सुमारास लकवा झाला, उजवी बाजू गेली. म्हणून दिवाळीला मुराळी आला नाही. "मला बोलले, ताईला कळवू नगंस. कळलं तर पळत यील, पन ती दुकन्याला बगाया यील. मला ती म्हायारवाशीन म्हनून याया पायजे. म्हनून मी बी अगुदर बोलले न्हाई." आत्याबाईंनी हे सगळं ऐकलं आणि पुढच्या बाकाचा दांडा घट्ट धरून ठेवला. मला वाटलं, त्या मामीवर ओरडतील. त्या फक्त चिमाजीला म्हणाल्या, "भाऊ, गाडी जरा दामटीव."

त्यांचं गावठाण रस्त्यालगतच आहे, पत्र्याच्या घरांची सरळ रांग. चांगली रात्र झाल्यावर आम्ही पोचलो. चिमाजी म्हणाला, म्याडम, सावकाश या, इतके दिवस थांबलं तिथं दहा मिनिटं काय, आणि त्यानं इंजिन बंद केलं. मी आत्याबाईंची पिशवी घेऊन मागे गेले. पत्र्याच्या घराला ती जुनी सागवानी चौकट शोभत नव्हती, घरापेक्षा दारच मोठं दिसत होतं. आत बाजेवर मामा उशाला टेकून बसले होते, त्यांची लेक त्यांना पेज भरवत होती. आत्याबाई उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. आत जाईनात.

"कोन हाय?" मामांनी विचारलं. शब्द जड येत होते.

"मी हाये, जानकू. आले."

मामांचं तोंड वाकडं झालं होतं, त्यामुळे ते हसले की रडले ते मला सांगता यायचं नाही. डावा हात मात्र त्यांनी पुढे केला. आत्याबाई उंबरा ओलांडून आत गेल्या आणि तो हात त्यांनी आपल्या डोक्यावर ठेवून घेतला, मोठ्या बहिणीनं धाकट्याचा. मी पिशवी आत ठेवली आणि गाडीत येऊन बसले. चिमाजीनं इंजिन सुरू केलं.

त्या तिथं आठवडाभर राहिल्या. मग दादाभाऊ जाऊन त्यांना घेऊन आला. अंगणात शिरल्या तेव्हा पदर पोटाशी धरलेला होता आणि त्यात गहू होते. मामीनं त्यांना त्याच उंबऱ्यात उभं करून ओटी भरली होती, मामांनी बाजेवरून नारळाला हात लावला होता, असं दादाभाऊनं सांगितलं. ओटीतलं धान्य जिचं तिनंच खायचं, म्हणून ते गहू मी भिजत घातले आणि सडून खीर करायला घेतली.

मला वाटलं होतं, आता बाई खुलतील, शेजारणींना बोलावून सगळं सांगतील. त्या अंगणात जाऊन बसल्या. समोर पाणी नेहमीसारखं चकचकत होतं. ऊन कलल्यावर मी खिरीत गूळ किती घालू ते विचारायला दारात गेले, तर आत्याबाई त्या दोन टेकाडांकडे बघत होत्या.

"सोनल," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं मी तितनं निगालेच नव्हते गं. आज निगाले."

मी गुळाची वाटी उंबऱ्यापाशी खाली ठेवली.

"आज बुडालं माजं म्हायार."

आणि मग त्यांनी मोकळा टाहो फोडला, घरातलं माणूस गेल्यावर फोडतात तसा. मामंजी गोठ्यातून धावत आले, शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या, काय झालं, काय झालं विचारायला लागल्या. मी चुलीवरची खीर उतरवून ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.